डाव्या शिंगाची शेंबी

बबनरावांनी त्यांच्या वडिलांच्या जुन्या विलायती मोटारीचा पुढचा एक्सल आमच्या वेल्डिंगच्या दुकानात फुकट पाठवला, तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा माणूस लग्नात उरलेली बुंदीसुद्धा कुलपात ठेवणारा.

“कावून दिला असंल?” मी नवऱ्याला, परमेश्वरला विचारलं.

“ट्रेलर करायचा म्हणलतो ना मी. त्यांची मोटार तशीबी शेडात सडायली.” तो खुशीत होता. “आताच्या लोखंडात असला दम न्हाई. दोन चाकं लावली की झालं.”

“आन् कुठून आणला ते कुणाला सांगू नका, आसं कावून म्हणले?”

“तुला कुणाचं चांगलं बघवत न्हाई बग.”

तडा असेल म्हणून मी एक्सलवर हातोडी मारून पाहिली. तो घंटेसारखा वाजला. मग वाटलं, चोरीची भानगड असेल; पण मोटार तर त्यांचीच, माझ्या लहानपणापासून ताडपत्रीखाली झाकलेली. मग वाटलं, निवडणूक आली असेल. बबनराव मात्र रोज दुकानात येऊन खुर्चीत बसायचे, आमचा चहा प्यायचे आणि कामाकडं बघत राहायचे. आबा आले की मान फिरवायचे. मला काही तो माणूस पटत नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील, धोंडीराम. ते आणि आई आमच्याकडंच राहतात, कारण त्यांना मुलगा उरला नाही. मी तान्ही होते, आई मला घेऊन ऊसतोडीच्या तळावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत होती. पहाटेच्या अंधारात आबा कारखान्यावर ऊस टाकून रिकामी बैलगाडी घेऊन परतत होते. माझा थोरला भाऊ हनुमान गाडीत झोपला होता. समोरून कुठलंसं वाहन आलं, एका बैलाला आणि गाडीला उडवून निघून गेलं. हनुमान गेला. तो बैलही गेला.

आबा सांगत राहिले, मी जागा होतो, गाडी कडेला घेतली, कंदील हलवला, तरी मोटार अंगावर आली. कुणाला पटलं नाही. रात्रभर जागलेला माणूस, डुलकी लागली असणार आणि बैल मधोमध गेले असणार, असं गावानं ठरवून टाकलं. आईनंही तेच धरलं. तेव्हापासून ती आबांशी थेट बोललेली नाही. “तुझ्या बापाला म्हणावं, पाणी तापलंय,” असं मला सांगायची, बाप समोर बसलेला असताना.

परमेश्वरनं एक्सलवरचे स्प्रिंगचे पाटे खोलायला घेतले, त्या दिवशी मी मुद्दाम तिथंच उभी राहिले. बबनराव खुर्चीत होतेच. पाटे जुन्या चिखलानं आणि ग्रीसनं घट्ट चिकटले होते. छिन्नी घातली तेव्हा पाटा आणि एक्सलच्या मधून एक तुकडा टणकन खाली पडला. मी उचलून पदरानं पुसला. बैलाच्या शिंगाच्या टोकाला बसवतात ती पितळेची शेंबी होती, चेपलेली. आत चहाच्या डब्याचा लाल पत्रा दुमडून बसवलेला होता.

आमच्या घरी खुंटीला तसलीच एक शेंबी टांगलेली आहे, अपघातात गेलेल्या बैलाच्या उजव्या शिंगाची; डावी तेव्हा सापडलीच नव्हती. त्या बैलाची शिंगं बारीक होती, म्हणून आबांनी दोन्ही शेंब्यांत तसला लाल पत्रा घातला होता. दर पोळ्याला ते ती चिंचेनं घासतात आणि परत टांगतात.

परमेश्वरनंही ओळखली. “योगिता, ठेव ती तिथंच,” तो हळूच म्हणाला. “गावात राहायचंय आपल्याला.”

“न्हाई ठेवत.”

मी आबांना हाक मारली. माझा आवाज ऐकून आईही पिठाच्या हातानं मागून आली. आबांनी शेंबी घेतली, बोट आत घालून पत्रा चाचपला. बबनरावांना आज जाऊ द्यायचं नाही म्हणून मी वाट अडवून उभी राहिले. पण ते उठलेच नाहीत. बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडत होता.

“बबनराव,” आबा म्हणाले, “मला पोलीस नको, काई नको. एकच सांगा. मी झोपलतो का?”

बबनरावांनी बशी खाली ठेवली.

“न्हाई,” बबनराव म्हणाले. “तू उभा होता. कंदील हलवायलता. कडंलाच होती तुझी गाडी. डोळा माझा लागलता.”

मग ते रडायला लागले, एक्सलबद्दल, वडिलांच्या धाकाबद्दल काहीबाही बोलायला लागले. मला त्यांची जराही कीव आली नाही. एक लोखंडाचा तुकडा देऊन हा माणूस मोकळा व्हायला निघाला होता. मी तोंड उघडणारच होते.

आबा मात्र त्यांच्याकडं बघतही नव्हते. ते आईकडं बघत होते. आईचे ओठ हलले, तशी मी सवयीनं तिच्याजवळ गेले, आबांसाठी निरोप घ्यायला. तिनं मला पिठाच्या हातानं बाजूला सारलं.

“चला,” ती आबांना म्हणाली. “भाकर गार व्हायली.”