घरटी दोन माणसं

मोजणीबाई सकाळपासून त्या गल्लीत हिंडत होती आणि प्रत्येक दारात तिला एकच उत्तर मिळत होतं. घरात किती माणसं? दोन. लहान मूल? छे. म्हातारं कोणी? छे हो, आम्ही दोघंच. एका बाईच्या कडेवर तान्हं बाळ होतं. ते तिचे केस मुठीत धरून ओढत होतं आणि ती मान तिरकी करून ठासून सांगत होती, "आम्ही दोघंच."

"मग हे?"

"हे शेजारचं. सांभाळायला दिलंय."

शेजारी विचारलं, तर तिथेही दोघंच.

दुसरी कुणी मोजणीबाई असती तर चक्रावून गेली असती. ही चक्रावली नाही, नुसती वैतागली, कारण ती याच गल्लीत लहानाची मोठी झाली होती. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा बिल्ला गळ्यात असला तरी इथे तिला सगळे चिमीच म्हणत, आणि चिमीला हे 'दोन' प्रकरण तोंडपाठ होतं.

त्या गल्लीतल्या सगळ्या खोल्या एकाच घरमालकाच्या. थोरल्या शेठने खोल्या बांधल्या तेव्हाच दंडक घालून दिला होता की एका खोलीत दोनच माणसं. तिसरं दिसलं की खोली रिकामी करायची. थोरला शेठ गेला, धाकटा आला, आता तोही म्हातारा झाला, पण दंडक काही गेला नाही. आणि माणसं तरी कशी दोनावर राहणार? लग्नं झाली, पोरं झाली, कुणाची आई आली, कुणाची पोरकी भाची आली. दर महिन्याला शेठ भाडं घ्यायला येई. त्याला बिचाऱ्याला जुनाट खोकला होता. गल्लीच्या तोंडाशी तो खों खों ऐकू आला, की सगळी जास्तीची माणसं मागच्या दाराने पसार. पोरं पुढे, म्हाताऱ्या मागे, तान्ही काखेत. मागच्या भिंतीला एक भगदाड होतं, त्यातून पलीकडे बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात जायचं आणि शेठ परत फिरेपर्यंत तिथे बसायचं. शेठ येई तेव्हा प्रत्येक दारात नवरा-बायकोची एक सोज्वळ जोडी उभी असे.

ही सगळी कवायत बसवली होती चिमीच्या मावशीने. मावशी घरी शिवणकाम करायची, आणि कपडा बेतावा तशी तिने गल्ली बेतली होती. कोणी कुठून निघायचं, कोणाला कोणी उचलायचं, सगळं तिच्या हुकुमाने. मावशीच्या शब्दापुढे गल्लीत कुणी ब्र काढत नसे.

आता अडचण त्या पंपानेच आणली होती. पंपवाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा छप्पर नेलं, यंत्रं नेली, खुर्च्या नेल्या. जमिनीखाली पुरलेल्या टाक्या मात्र तशाच टाकून गेला. जे जमिनीवर दिसत नाही ते कोण उचलतो? टाक्या गंजल्या, पाझरल्या, आणि गल्लीच्या बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला. आधी बायकांना वाटलं साबण बदलला म्हणून कपड्यांना वास येतोय. मग चहाला आला. मग खात्याने बोअरवर लाल पाटी ठोकली आणि पाण्याचा टँकर सुरू केला. गावात अशा टाक्या बऱ्याच होत्या आणि त्या उकरून काढणारी तुकडी एकच. म्हणून खात्याने ठरवलं की जिथे लहान मुलं, म्हातारी माणसं, पोटुशा बाया जास्त, तिथे तुकडी आधी जाईल, आणि त्या वस्तीतल्यांच्या तपासण्याही आधी होतील. त्यासाठीच तर ही मोजणी.

दुपारी चिमीने कचेरीत आकडे दिले, तेव्हा तिच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमच्या या गल्लीत एकही मूल नाही? मी परवा तिथून गेले तर दोरीवर एवढुशी झबली वाळत होती."

"मुलं आहेत मॅडम. खूप आहेत. कुणी सांगत नाही."

"मग मी काय करू? घरातल्या माणसाने सांगितलं आणि सही केली तेच धरता येतं. उद्या यादी जाणार. या आकड्यांवर तुमची गल्ली शेवटी लागेल, आणि शेवट म्हणजे किती वर्षांनी ते मलाही ठाऊक नाही."

केस ओढणारं ते बाळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. खोटं काही लोकांच्या अंगात नव्हतं; भीती होती ती शेठची. तेव्हा शेठलाच गाठायचं असं ठरवून ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या त्याच्या घरी गेली. जिना चढताना मात्र जुनी सवय उफाळली. एवढी मोठी झाली, सरकारी बिल्ला गळ्यात, तरी मागचं दार कुठे आहे हे डोळे आधी शोधायला लागले.

शेठ फोनवर कुणाला तरी चांगलं खडसावत होता. मग त्याने तिला बसवलं, स्वतः चहा केला, साखर कमी पडली म्हणून हळहळला, पाण्याच्या टँकरवाल्याला शिव्या दिल्या. इतका वेळ बोलला आणि एकदाही खोकला नाही.

"शेठ, तुमचा खोकला बरा झाला वाटतं," चिमी म्हणाली.

"कसला खोकला?" शेठ म्हणाला, आणि मग चोरी पकडली गेल्यासारखा चहाच्या कपात बघत बसला. "हां. तो होय. तो फक्त गल्लीतच येतो."

"म्हणजे?" चिमीने विचारलं.

"माझ्या वडिलांनी जाताना शब्द घेतला गं माझ्याकडून. तिसरं माणूस दिसलं तर खोली रिकामी करायची. आता बापाचा शब्द मोडवेना, आणि लेकराबाळांना बाहेर काढवेना. मग म्हटलं, मला दिसलंच नाही तर? तुम्ही लोक आवरून होईपर्यंत मी तिकडे कोपऱ्यावर खोकत उभा राहायचो. तुझ्या मावशीकडची ती आत्याबाई सावकाश चालते, तिच्यासाठी जरा जास्तच खोकावं लागायचं. घसा सोलून निघायचा माझा."

चिमीला हसू आलं आणि रडूही. आयुष्यभर ज्याला भ्यायलो तो हा माणूस! गल्लीने त्याच्या नकला केल्या, त्याच्या खोकल्यावर गाणी रचली, आणि हा कोपऱ्यावर उभा राहून घसा फाडत होता, कशासाठी, तर यांना पळायला वेळ मिळावा म्हणून. तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. तसं काही न करता तिने मोजणीचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शेठचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी खोकायचो आणि तुम्ही पोरं त्या टाक्यांवर जाऊन बसायचात?" तो म्हणाला. त्याने कप खाली ठेवला, उरलेला चहा काही प्यायला नाही. "चल. आत्ता चल."

संध्याकाळी शेठ गल्लीत आला तो न खोकता. असला हाहाकार गल्लीने कधी पाहिला नव्हता. पोरं जिथल्या तिथे उघड्यावर सापडली. एका आजीबाईंनी घाईत बादली डोक्यावर घेतली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कुणी पळू नका," शेठ मोठ्याने म्हणाला. "मला सगळं ठाऊक आहे, पहिल्यापासून ठाऊक आहे. बापाचा शब्द आजपासून मोडला. या पोरीला खरं सांगा. कुणाची खोली जाणार नाही."

सगळ्यांनी वळून मावशीच्या दाराकडे पाहिलं. मावशी उंबऱ्यात उभी होती, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिने टाचण्या एकेक करून काढल्या.

"आमच्याकडे दोन," ती म्हणाली, आणि आत गेली.

झालं! मावशीकडे दोन तर सगळीकडे दोन. दारं पुन्हा धडाधड लागली. शेठ रस्त्यात हात चोळत उभा राहिला आणि चिमीचं डोकं सणकलं. ती तडक मावशीच्या मागे आत शिरली.

खोली होती तशीच होती. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्याखाली चिंध्यांचा ढीग. काका, म्हणजे मावशीचा नवरा, कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होते. त्यांनी वर बघितलं आणि शहाण्या माणसासारखं पुन्हा ट्यूबमध्ये डोकं घातलं. पडद्यामागे त्यांची थोरली बहीण, बहिरी आत्याबाई, झोपली होती.

"मावशी, हे काय चालवलंयस? आत्याबाई काय हवेत राहते?"

पडद्यामागून आत्याबाई नेमकी शिंकली.

"बरं, तीन लिही," मावशी म्हणाली. "झालं समाधान?"

"नाही झालं. पुढचा प्रश्न आहे. या घरात आधी राहून गेलेलं, हे पाणी प्यायलेलं कुणी?"

"कुणी नाही."

चिमी उभी होती ती मटकन मशीनजवळच्या स्टुलावर बसली. शेठसाठी ती या घरात कधीच नव्हती, शाळेत तिचा पत्ता तिसऱ्याच गावचा होता, लग्नाच्या पत्रिकेवरही या घराचं नाव नव्हतं. त्या सगळ्याला कारण होतं, म्हणून तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. पण आज?

"मी कुणी नाही?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "आता तर शेठही काही म्हणत नाही. आता कुणाला घाबरतेस?"

मावशीने मशीनचं चाक हाताने फिरवलं. सुईत दोरा नव्हता, तरी फिरवलं.

"शेठला कोण घाबरतंय," ती म्हणाली. "तुझी आई गेली तेव्हा मी तिला सांगितलं होतं, पोरीला काही कमी पडू देणार नाही. लोकांची मुलं बोअरच्या नळावर ओंजळीने प्यायची. तुला मी पेला भरून द्यायचे. पूर्ण पिऊन दाखव म्हणायचे. तू नको नको म्हणायचीस, वास येतो म्हणायचीस, आणि मी तुला नखरेल म्हणून धपाटा घालायचे. टाक्या कधीपासून गळतायत कुणाला माहीत? वर तुला मी त्या टाक्यांवर नेऊन बसवायचे, सगळ्यांच्या आधी, कारण तू माझी." तिने चाक थांबवलं. "तू इथे होतीस असं लिहिलं, तर मी तुला ते पाजलं असंही लिहिलं जाईल, चिमे. ते मला कागदावर बघवणार नाही."

काकांच्या हातातली ट्यूब थांबली.

चिमीचा राग कुठल्या कुठे गेला. या बाईने गल्लीतल्या सगळ्यांना लपवलं ते धिटाईने, आणि आता स्वतः लपत होती ती तिच्याच मायेमागे. चिमीने जाऊन तिचे हात धरले. बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झालेली.

"मला तपासतील तेव्हा काय निघेल ते निघेल," ती म्हणाली. "निघालं तर औषध देतील. पण मी इथे नव्हतेच म्हटलं, तर मला कुणी तपासणारच नाही. आणि तू दोन म्हणालीस तर ते बाहेरचं बाळही शेजारचंच राहील, मावशी. उद्या टँकर आला नाही की त्यालाही कुणीतरी तोच पेला भरून देईलच ना?"

मावशी उठली, पदराने तोंड पुसलं, आणि दार सताड उघडून बाहेर आली. चिमी कागद घेऊन मागोमाग. शेठ अजून रस्त्यातच होता. खिडक्यांतून सगळी गल्ली कान देऊन होती.

"लिही," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. "आमच्या घरी मी, माझा नवरा, माझी नणंद. आणि एक पोर. दुधाचे दात पडत होते तेव्हा आली, लग्न होऊन गेली तोवर इथेच होती. पाणी इथलंच प्यायली. मीच पाजलं."

समोरचं दार उघडलं. केस विस्कटलेली ती बाई बाळाला घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "हे आमचंच आहे हो. आणि आत आणखी दोन आहेत." मग दुसरं दार उघडलं, मग तिसरं. बादलीवाल्या आजीबाई मला आधी, मला आधी करत रांगेत घुसल्या.

चिमीला मात्र पहिलीच ओळ पुरी करता येईना. डोळे भरून आले होते आणि कागदावरचे रकाने एकमेकांत मिसळत होते.

"नातं काय लिहू?" तिने विचारलं.

"मुलगी लिही, दुसरं काय लिहिणार?" मावशी तिच्या खांद्यावरून कागदात डोकावत म्हणाली. "आणि अक्षर नीट काढ गं. तुझं नाव या घरात पहिल्यांदाच लागतंय."