उगारलेला हात

सॉक्स वाळले नव्हते, एवढंच कारण. मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत विश्वजीतनं तनुजाच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तिचं डोकं कपाटावर आपटलं. आठ वर्षांच्या मेघानं गृहपाठाच्या वहीत तोंड खुपसलं. मंडळी, हाच विश्वजीत ऑफिसात साहेबापुढं ब्र काढत नसे. कुणी विचारलं तर म्हणायचा, घरात शिस्त लागते. शिस्त म्हणे! कपाळावर हळद दाबत तनुजानं त्या दिवशी एवढंच सांगितलं, की पुन्हा हात लावला तर मेघाला घेऊन अजिंठ्याला आईकडं जाईन, ती कायमची. तो हसला.

त्याचं सगळं लक्ष शंभर किलोमीटरच्या शर्यतीकडं होतं. संध्याकाळी शहरातून निघायचं, पैठणला शिवायचं आणि रात्रभर पळत सकाळी परत यायचं. नियम असा, की प्रत्येक धावणाऱ्यानं आपला एक सोबती आणायचा. सोबत्यानं गाडीवर मागं राहायचं, दर पाच किलोमीटरला पाणी द्यायचं. सोबती निघून गेला, की धावणारा बाद. बिनबोभाट राबणारं माणूस घरातच होतं. तनुजा स्कूटी घेऊन निघाली.

परतीच्या वाटेवर चितेगावजवळ ऐंशी किलोमीटर झाले. विश्वजीतच्या पायांत गोळे आले होते. झोपेच्या गुंगीत तनुजानं मीठ-साखरेच्या पाण्याऐवजी साधं पाणी दिलं. एक घोट घेऊन त्यानं भरलेली बाटली तिच्या तोंडावर फेकून मारली. ओठ फाटला. ती सावरते न सावरते तोच चपराक बसली आणि ती स्कूटीसकट खडीवर पडली. त्यानं पुन्हा हात उगारला, तेव्हा मागून कुणीतरी मनगट धरलं. ते सांडूमामा होते, सत्तरीतले जुने पैलवान, तिथल्या तंबूत धावणाऱ्यांचे पाय चोळून द्यायला बसलेले.

संयोजकांचा माणूस विश्वजीतच्या छातीवरचा नंबर काढायला धावला. तनुजानं त्याला अडवलं. ओठाला ओढणी लावून ती म्हणाली, "पळू द्या त्यांना. नायतर जन्मभर म्हणतील, तुझ्यामुळं शर्यत बुडाली. पूर्ण करून देते, अन् मग जाते."

खरं तर विश्वजीतला तिथंच हाकलायला हवं होतं. पण तिच्या शब्दापुढं संयोजकांचा माणूस मागं सरला.

मामांनी विश्वजीतला सतरंजीवर आडवं केलं आणि पोटऱ्या हातात घेतल्या.

"हे पाय आज तुझं ऐकत नायत. मारतो का यांना?"

मामांनी गोळ्यावर अंगठा दाबला.

"यांना चोळून घेतो, यांच्यासाठी थांबतो. अन् जी पाणी पाजती तिला बाटली फेकून मारतो. मीबी असाच व्हतो बाबा. लई कुस्त्या मारल्या, अन् घरी येऊन बायकोला, सत्यभामेला मारलं. ती शेवटच्या घटका मोजत व्हती, तवा पाणी पाजायला हात पुढं केला. तिनं डोकं झाकून घेतलं. माझ्या हातचं पाणी तिच्या पोटात गेलं नाय." त्यांनी दुसरी पोटरी चोळायला घेतली. "खोटं वाटत असंल, तर पुढच्या बाटलीला तिच्याकडं बघ."

त्यानं बघितलं. पाण्यासाठी त्याचा हात पुढं आला, तशी तनुजानं मान आत ओढून डोळे मिटले. त्याच्या पुढच्या थांब्यावरही तेच. ऐंशी किलोमीटर तो फक्त बाटलीकडं बघत आला होता. तिसऱ्या वेळी त्यानं हात अगदी खाली धरला, तरी तिचे डोळे मिटलेच.

शहरात पोचला तेव्हा उजाडलं होतं. शेजारच्या केसरबाई मेघाला घेऊन आल्या होत्या. शेवटची रेघ समोर दिसली आणि आनंदानं विश्वजीतचे दोन्ही हात वर गेले. त्याच क्षणी मेघानं कोपर डोळ्यांवर घेतलं आणि ती केसरबाईंच्या मागं दडली. अरे, बापानं जिंकल्याचा हात वर केला, आणि लेकीला तो मार वाटला!

त्याचे हात खाली आले. शेवटची पावलं तो चालत गेला. गळ्यात पदक पडलं, फोटोवाला हात वर करा म्हणाला, त्यानं केले नाहीत. केसरबाईंनी तनुजाला ओठाचं विचारलं. गाडीवरून पडले, असं ती सवयीनं सांगणार, तेवढ्यात तोच सगळ्यांसमोर म्हणाला, "मी मारलं. रात्री मारलं, अन् लई वर्षं मारत आलोय."

तनुजा विरघळली नाही. दुपारच्या एसटीनं ती मेघाला घेऊन अजिंठ्याला गेली. जाताना म्हणाली, "शंभर किलोमीटर पळायला दीड वर्ष रोज उठलात. हा हात आवरायला बी तसंच रोज उठावं लागंल. जमलं, तर मी बघीन."

सात महिने झाले. विश्वजीत समुपदेशन केंद्रात जातो आणि दर रविवारी अजिंठ्याला. तनुजा अजून परतलेली नाही. परवा मेघानं त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्यानं हात पुढं केला, तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. तो तांब्या धरून रडला.

मंडळी, घरच्या माणसावर हात टाकणं ही शिस्त नव्हे, मर्दानगी तर नव्हेच. तो गुन्हा आहे. आज घरी जाल तेव्हा पाणी घ्यायला हात पुढं करा, आणि भांड्याकडं नको, देणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघा. ते मिटले, तर बाहेर मिळवलेलं पदक खिशातच राहू द्या.