पुतळाबाईंचा उंबरा

पुतळाबाईंनी जुन्या घराचा उंबरा चादरीत गुंडाळून रिक्षात आडवा घातला, तेव्हा त्यांच्या मुलानं, विपुलनं, शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "आये, लोक हसतील."

"हसू दे. जत्रा हाय."

"ये क्या है, चाची?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"घर."

त्यानं मीटर टाकला.

सारसोळ्याच्या गावदेवीची पालखी चैत्रात घरोघर फिरते, पण थांबते ती उंबऱ्याशीच. उंबरा नाही तर घर नाही, आणि घर नाही तर पालखी सरळ पुढे. पुतळाबाईंचं घर तीन वर्षांपूर्वी पाडलं. तिथं चार मजली इमारत उठणार होती. अजून नुसता खड्डा होता आणि खड्ड्याभोवती हिरवे पत्रे. बिल्डरच्या कागदावर सही विपुलची. दोन वर्षं पालखी त्या पत्र्यांसमोरून न थांबता गेली, आणि यंदा पंचांनी सांगून टाकलं की तिसऱ्या वर्षीही थांबली नाही तर ते घर मानातून कायमचं गळणार. पुतळाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जुईनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली वाकून त्यांनी हा सागवानी ओंडका ओढून काढला.

दुपारी चारला ते पोचले, तर पत्र्यांसमोर कृष्णातनं आणि त्याच्या बायकोनं गोडीशेवेचं दुकान थाटलेलं. कृष्णात साताऱ्याकडचा, एरवी मार्केटात ओझी उचलणारा, जत्रेपुरता दुकानदार.

"मावशी, ही माझी जागा हाय," तो म्हणाला.

"अन् माजं घर हाय. तू ओटीवर बसलास."

कृष्णातनं खाली पाहिलं. खाली डांबर होतं. तरी तो वीतभर सरकला.

पुतळाबाईंनी दुकानासमोर उंबरा मांडला, हळदकुंकू वाहिलं, दोन्ही टोकांना रांगोळी काढली. त्यामुळे कृष्णातचं अख्खं दुकान घरात आलं. विपुल रस्त्याच्या पलीकडे, बांगड्यांच्या दुकानाशी जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला. या बाईशी आपला काही संबंध नाही असं त्याला दाखवायचं होतं. सगळं गाव त्याला लहानपणापासून ओळखत होतं, ते सोडा.

"हे केवढ्याला दिलं?" एका बाईनं उंबऱ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"इकाया नाय."

"मग ठेवलंय कशाला?"

"घरान जायाला."

बाईनं पत्रे पाहिले आणि पाव किलो शेव घेतली.

थोड्याच वेळात कृष्णातच ओरडायला लागला. "ओ ताई, उंबऱ्यावर पाय देऊ नका! वलांडून या!" गिऱ्हाइकं निमूट ओलांडून आत येत होती, शेव घेऊन बाहेर जात होती. इतकी माणसं त्या घरात सासऱ्यांच्या बाराव्यालाही आली नव्हती.

मग ढोल जवळ आला. पालखीच्या पुढे चालणारा किसन भगत पत्र्यांपाशी पोचला आणि रेंगाळला. त्यानं उंबरा पाहिला, हळदकुंकू पाहिलं, शेवेचा ढीग पाहिला. देवी घरात जितकी माणसं तितके खोबऱ्याचे तुकडे देते, आणि रिकाम्या घराशी थांबत नाही. म्हणून किसननं रिवाजाप्रमाणे विचारलं, "घरान किती मानसं?"

पुतळाबाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एवढा आटापिटा करून बाई नेमका हाच प्रश्न विसरल्या होत्या. विपुलला आईची फार दया आली आणि स्वतःची चीड आली.

पुतळाबाईंनी मागे वळून पाहिलं. कृष्णात, त्याची बायको, शेव खाणाऱ्या दोन मुली. मग स्वतःलाही मोजलं.

"पाच," त्या ठासून म्हणाल्या.

किसननं मान डोलावली. "अन् विपुल?"

"त्याला इचार. मना काय म्हाईत?"

किसन वळला. ढोलवाले वळले, पालखीचे भोई वळले, बांगडीवालाही वळला. विपुलनं मोबाइल खिशात टाकला, रस्ता ओलांडला, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि उजवा पाय आत टाकला. घरातलं डांबर चांगलंच तापलेलं होतं.

"सहा," पुतळाबाई म्हणाल्या, आणि पालखी टेकली.