राण्यांसाठी पातेली

थोरलीच्या पोशाख मंडळाला वेबसाइट हवी होती, आणि घरात वेबसाइट करता येणारी एकच होती: तिची धाकटी जाऊ.

मंडळ म्हणजे हौशी माणसांचा कारभार. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी सगळे जमायचे आणि शाळांच्या नाटकांसाठी राजे, राक्षस, बेडूक, जे मागतील ते शिवून फुकट द्यायचे.

"एक पान पुरे," थोरली म्हणाली. "पत्ता, दोन-चार फोटो, झालं."

"ताई, गावात चार भाषा बोलतात. तुमच्या खोलीत एकच ऐकू येते. असं का?"

"येत नाहीत ते लोक. मी काय घरोघरी आमंत्रण देत फिरू?"

"तुम्ही कशाला फिरताय? वेबसाइट फिरेल की."

धाकटी दिवसा एका मोठ्या दुकानाची वेबसाइट सांभाळायची. आपल्याला काम येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, की प्रत्येक भाषेतलं पान ती भाषा बोलणारं माणूसच लिहील, यंत्राकडून भाषांतर करायचं नाही. भाषा निवडायच्या बटणांवर तिनं झेंडे लावले नाहीत, प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत लिहिलं. एक भाषा उजवीकडून डावीकडे लिहायची, ती शेजारच्या नर्सची. त्या भाषेसाठी धाकटीनं अख्खं पान आरशात धरल्यासारखं फिरवलं. त्या नादात मापं कशी घ्यायची ते दाखवणाऱ्या चित्रातल्या बाहुलीच्या छातीवर काढलेलं काळीजही उजवीकडे गेलं, तेव्हा ती एकटीच खो खो हसली आणि बाहुली तेवढी सरळ केली.

सगळं जागच्या जागी बसलं, आणि थोरलीला आठवण झाली. एका शाळेनं लढाईचं नाटक बसवायला घेतलं होतं. सैनिकांची चिलखतं पुठ्ठ्याची का होईना, तयार होती, पण राण्यांना लांब केसांचे टोप हवे होते, आणि मंडळात टोप कुणालाच जमत नव्हते.

"तेवढी एक ओळ टाक ना सगळ्या भाषांत."

"टाकते. नर्सताई कामावर आहेत. त्या आल्या की लिहून घेते."

"एका ओळीसाठी थांबायचं?"

"थांबायचं."

थोरलीला थांबणं म्हणजे शिक्षा. पासवर्ड तिच्याकडेही होता. धाकटीची पाठ वळताच तिनं ओळ लिहिली, भाषांतराचं बटण दाबलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं काज करत बसली.

शनिवारी दारात एक आडव्या बांध्याचे आजोबा उभे राहिले. खांद्यावर हातोड्यांची पिशवी, शेजारी सून.

"नमस्कार. सासऱ्यांना तुमची भाषा येत नाही, म्हणून मी आले," सून म्हणाली. "ते तांबट आहेत. विचारतायत, किती माणसांच्या स्वयंपाकाची पातेली हवीत?"

खोलीतली शिलाई मशीन एकदम थांबली.

"कसली पातेली?" थोरलीनं विचारलं.

सुनेनं फोनवर नर्सच्या भाषेतलं पान उघडलं आणि अर्थ सांगितला, "'आमच्या राण्यांच्या डोक्यावर घालायला सुंदर पातेली करणारे हवेत.' बाबा म्हणाले, माणसं जरा वेडी दिसतात, पण मनानं चांगली असावीत. चल, बघून येऊ."

धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती थोरलीकडे वळली. "ताई, डोक्यावरचा टोप कुठला आणि शेगडीवरचा टोप कुठला, हे यंत्राला कोण सांगणार?"

थोरलीनं कपाळावर हात मारला. "मीच केलं गं ते. आता यांना कोणत्या तोंडानं परत पाठवू?"

"परत कशाला?" धाकटीची नजर कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या चिलखतांवर गेली होती. तिनं त्यातलं एक उचलून आजोबांच्या हातात दिलं. "विचारा ना त्यांना, हे पत्र्याचं करता येईल का? हलकं, मुलांना पेलेल असं?"

आजोबांनी चिलखत वाकवलं. ते मोडलं. ते सुनेशी काहीतरी बोलले आणि सून हसू लागली. "म्हणतात, पातेल्यापेक्षा सोपं आहे. पातेलं गळून चालत नाही."

मग काय विचारता! वाचनालयाच्या अंगणात ठोकाठोक सुरू झाली. आजोबांनी फोनवर बाहुलीचं चित्र उघडून, आपल्याच भाषेत वाचत मुलांची मापं घेतली. पत्र्याच्या कडा ते आत दुमडायचे आणि थोरली त्यांना कापडाचा गोट शिवायची. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी भांडणं मात्र बरोब्बर होत होती. राण्यांचे केस शेवटी तिनं काळ्या लोकरीचे केले, आणि ते झकास दिसले.

नाटकात सैन्य खणखणत रंगमंचावर आलं तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं उभीच राहिली. आजोबांचे नातलग, शेजारी मिळून दोन रांगा भरल्या होत्या. पडदा पडल्यावर त्यातल्या तिघीजणी सुनेला घेऊन थोरलीकडे आल्या. त्यांना भरतकाम येत होतं.

धाकटीनं नर्सला बसवून ती टोपांची ओळ नीट लिहून घेतली. थोरली शेजारीच उभी होती.

"त्याच्याखाली आणखी एक टाक," थोरली म्हणाली. "तांबटही हवेत म्हणून."

"बटण दाबू?"

"खबरदार! नर्सताई, तुम्हीच लिहा."

पुढच्या शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. थोरलीनं जिन्यात सतरंजी घातली आणि भरतकामवाल्यांना तिथं बसवलं.