दहाच्या आत

“याला काय त्रास होतोय?” नव्या डॉक्टरांनी पेशंटच्या वहिनीला विचारलं.

खुर्चीत बसलेला माणूस एक्केचाळीस वर्षांचा होता, नव्वद किलोचा होता आणि जागा होता. त्याच्याबद्दल घेऊन येणाऱ्याला विचारायला तो काही दुरुस्तीला आणलेला पंखा नव्हता. पण डॉक्टर लोक असंच विचारतात. खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या बाईंनी इथल्या बावीस वर्षांत सतरा डॉक्टर पाहिले होते. त्यांतल्या चौदा जणांनी पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं होतं. उरलेल्या तिघांनी पेशंटला विचारलं होतं खरं, पण समुद्रातल्या बोटीला हाक मारावी तसं ओरडून.

“त्यालाच विचारा,” बाई म्हणाल्या.

“पण त्याला बोलता येत नाही ना, सिस्टर?”

बाई सिस्टर नव्हत्या. त्या दातांच्या दवाखान्यातल्या सहायिका होत्या. हत्यारं उकळायची, थुंकी ओढणारी नळी धरायची, दातात भरायचं सिमेंट कालवायचं, खुर्ची वरखाली करायची, हे त्यांचं काम. समाजकेंद्राच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या आणि दर गुरुवारी तिथे अशी माणसं यायची, ज्यांना बाकीचे दवाखाने दारातूनच गोड बोलून वाटेला लावतात. बाहेरच्या फलकावर ‘विशेष गरजा असलेल्यांसाठी’ असं लिहिलं होतं. बाईंना त्या फलकाचाही तिटकारा होता. दुखणारा दात दुखायचा थांबावा, यात विशेष ते काय?

तसा बाईंना बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता. निवासी संस्थेचा व्यवस्थापक आठ जणांना गाडीत घालून आणायचा आणि “बारापर्यंत आटपा हं सगळे” म्हणायचा, जणू गाडीतून बटाट्याची पोती आली आहेत. पाहुणे मंडळी ब्रश वाटायला यायची आणि एका ब्रशमागे चार फोटो काढायची. पण सगळ्यांत वाईट नातेवाईक. “दिवसातून दोनदा ब्रश करतो हो!” असं ते सांगायचे आणि तोंड उघडलं की आत महिन्याभराचा थर. खोटं बोलणारे, उसासे टाकणारे, स्वतःच्याच दमण्याचं कौतुक करून घेणारे. बाई त्यांच्याकडे पाहतसुद्धा नसत.

खुर्चीतल्या माणसाला मात्र त्यांनी स्वतः नाव दिलं होतं. शेठ. पहिल्यांदा खुर्चीत बसला तेव्हा दोन्ही हात टेकवून असा बसला, की आता समोर हिशेबनीस उभा राहणार असं वाटावं. ते पहिल्यांदा बसणंही सहाव्या भेटीत झालं होतं. पहिल्या भेटीत तो दारातच थांबला होता. दुसऱ्या भेटीत त्याने खुर्चीला बोट लावलं. आज चौदावी भेट होती.

“शेठ, दुखतंय का?” बाईंनी विचारलं.

शेठने वरचे दात खालच्या दातांवर एकदा वाजवले. टक्.

“एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही,” बाई डॉक्टरांना म्हणाल्या. “ही काय त्याची बोली. तुमच्या कागदावर काय लिहिलंय?”

डॉक्टरांनी कागद पाहिला. “दात वाजवण्याची सवय,” ते जरा चाचरत म्हणाले.

“छान. मी बोलते, तीही सवयच आहे माझी.”

डॉक्टर तिशीचे होते. परीक्षेत पहिले आलेले, नखं स्वच्छ, आवाज मऊ. त्यांनी वहिनीसमोर एक कागद ठेवला. संमतीपत्र होतं. दर तीन महिन्यांनी मोठ्या इस्पितळात एक दिवस मिळतो. त्या दिवशी पूर्ण भूल देऊन काम करता येतं. यादीत एक जागा रिकामी आहे.

“अकरा दात किडलेत,” डॉक्टर म्हणाले. “उरलेले अकराही किडणार, कारण घरी तोंड साफ होत नाही. एका झोपेत सगळे काढून टाकू. पुन्हा दुखणं नाही, सूज नाही, इथे चौदा-चौदा खेपा नाहीत.”

“सगळे?” वहिनी म्हणाली.

“त्याला कळणारही नाही.”

“उठल्यावर?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन वहिनीकडे सरकवलं. वहिनीने पेन उचललं. ती पन्नाशीची, कापडदुकानात उभं राहून नोकरी करणारी बाई होती. सासू गेल्यापासून दिराचं सगळं तीच करत होती. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

“वहिनी, सही करताय?” बाईंच्या आवाजाला धार आली. “दात गेले की हो-नाही कुठून काढणार तो? हिरड्या वाजत नाहीत.”

“मला कळतं ते,” वहिनी म्हणाली. “रात्र रात्र गाल धरून बसतात भाऊजी. ते तुम्ही नाही बघत, बाई. मी बघते.”

‘आल्या कैवारी,’ बाई मनात म्हणाल्या. ब्रश धरायला वेळ नाही, पेन धरायला बरा मिळतो.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “आज त्याचा एक दात भरून दाखवा. ड्रिल नको. चमच्याच्या हत्याराने कीड खरवडायची आणि हाताने सिमेंट भरायचं. तो शांत बसला, तर यादीत नाव नाही. एकेक करत सगळे भरू.”

“आणि नाही बसला तर?”

“तर तुमचा कागद आहेच.”

डॉक्टर हसले. तुच्छतेने नव्हे, दयेने हसले, आणि बाईंना तेच जास्त झोंबलं. ‘दाखवतेच याला,’ त्यांनी ठरवलं.

पद्धत बाईंची होती. दहाची. पाठीमागे सगळे त्यांना ‘दहाबाई’ म्हणायचे, ते त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरचा हात तोंडात गेला की बाई मोजायला लागायच्या. एक, दोन, तीन, एकसारखं. दहा म्हटलं की हात बाहेर. काम अर्धं असो, बरं चाललं असो, छतावरून पाणी गळू लागो, हात बाहेर. मग विसावा आणि पुन्हा एक. ज्याला वेळ सांगता येत नाही, त्यालाही दहा कळतो. छळ कधी संपणार हे ठाऊक असलं की माणूस बराच छळ सहन करतो. यात जादू काही नव्हती. फक्त आकडा खरा असावा लागायचा. एका डॉक्टरने एकदा “झालंच, अजून दोन सेकंद” म्हणत अकरावर नेलं होतं. बाईंनी त्याच्या हातातलं हत्यार काढून घेतलं होतं आणि पुढची दोन वर्षं त्याच्याशी कामापुरतंही धड बोलल्या नव्हत्या.

“एक,” बाईंनी सुरुवात केली.

पहिल्या दहात डॉक्टरांनी नुसता आरसा आत नेला. दुसऱ्यात चमचा. शेठने हाताच्या मुठी वळल्या, पण तोंड उघडं ठेवलं. तिसऱ्या दहात दाढेतून मऊ, तपकिरी कीड निघाली. सातव्या दहापर्यंत खड्डा साफ झाला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, कुतूहल.

“कमाल आहे,” ते म्हणाले.

“त्याला सांगा.”

“कमाल केलीत, शेठ.”

टक्, शेठने वाजवले. दारातून पाहणारी वहिनी फिस्सकन हसली.

बाईंनी सिमेंट कालवलं. काचेच्या पट्टीवर भुकटी आणि द्रव, तीस सेकंद. मग ते लोण्यासारखं असेपर्यंतच भरायचं आणि बोटाने दाबायचं. एका दहात बसतं. जुने डॉक्टर आठाला मोकळे व्हायचे.

“एक. दोन. तीन.”

चाराला डॉक्टरांच्या हत्यारावरचा गोळा जिभेवर पडला. त्यांनी तो टिपला आणि दुसरा उचलला. सहा. सात. गोळा खड्ड्यात गेला. आठ. आता बोट ठेवायचं आणि दाबायचं. डॉक्टरांनी बोट ठेवलं.

“नऊ,” बाई म्हणाल्या.

तीन सेकंद हवे होते. फक्त तीन. तेवढ्यात दाढ भरली असती, कागद फाटला असता, आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या त्या मऊ आवाजाला कळलं असतं की काम कशाला म्हणतात.

बाई थांबल्या. श्वास घेतला. दहा म्हणाल्या नाहीत.

शेठचे डोळे छतावरून त्यांच्याकडे वळले. मग तोंड मिटलं.

डॉक्टर ओरडले. हातमोजा फाटला होता, बोटातून रक्त येत होतं. शेठ खुर्चीतून उतरला, भिंतीपाशी गेला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून उभा राहिला. चौदा भेटींत त्याने कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

“भाऊजी! काय केलंत हे?” वहिनी रडकुंडीला आली. “माफ करा हो डॉक्टर, ते असे नाहीत.”

डॉक्टरांनी नळाखाली बोट धरलं, पट्टी गुंडाळली. रागावले नाहीत. “असू दे,” ते म्हणाले. “सिस्टर, तुम्ही पुष्कळ प्रयत्न केलेत.” त्यांनी शेठच्या नोंदींचा कागद ओढला. ‘सहकार्य’ अशा रकान्यापुढे त्यांनी पेन टेकवलं. त्या रकान्यात ‘नाही’ पडलं, की पुढची सगळी वाट ठरलेली होती. वहिनी संमतीपत्र घेऊन शेजारी उभीच होती.

बाईंना गप्प राहता आलं असतं. कुणालाच कळलं नव्हतं. ज्याला कळलं होतं, त्याने तोंडावर हात धरले होते.

“तसं लिहू नका,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“त्याने बरोबर केलं. नऊनंतर मी थांबले. मुद्दाम थांबले.”

“तीन-चार सेकंद इकडेतिकडे होतातच, सिस्टर.”

“इथे होत नाहीत.” बाईंचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त तो आता दुसऱ्या कुणावर रोखलेला नव्हता. “मी त्याला शब्द दिला होता आणि तुम्हाला हरवण्यासाठी तो मोडला. लिहा. सहकार्य होतं. चूक सहायिकेची.”

“असं कुठे लिहितात का?”

“मग द्या, मी लिहिते.”

डॉक्टरांनी कागद सोडला नाही. मग त्यांनी स्वतःच लिहिलं, बोट दुखत होतं म्हणून वाकडंतिकडं. वहिनीला म्हणाले, “ही जागा मी दुसऱ्याला देतो. पुढच्या यादीला तीन महिने आहेत. तोवर भरून बघू. दुखण्यावर औषध देतो आज.”

वहिनीने संमतीपत्राची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. फाडलं नाही. बाईंकडे तिने रागाने पाहिलं नाही की प्रेमानेही नाही.

पुढच्या गुरुवारी शेठ दारात थांबला. पहिल्या भेटीत थांबला होता, तिथेच.

“चला, शेठ,” बाई आतून म्हणाल्या.

तो हलला नाही.

“भाऊजी, आत नाही जायचं?” वहिनीने विचारलं.

टक्. हो, जायचं.

“डॉक्टर असू देत?”

टक्.

वहिनीने एकदा बाईंकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, “बाई असू देत?”

टक् टक्.

बाईंनी हातमोजे काढले. सिमेंटची पूड, द्रव आणि पट्टी डॉक्टरांच्या हाताशी ओळीने लावून ठेवली.

“कालवायचं तीस सेकंद,” त्या म्हणाल्या. “मोजायचं तुम्हीच. एकसारखं. नऊला गोळा जिभेवर पडला तरी दहाला हात बाहेर.”

“लक्षात आहे,” डॉक्टर म्हणाले. मग खुर्चीपाशी उभे राहून म्हणाले, “या, शेठ. तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू करू.”

बाई शेठपासून अंग चोरून दाराबाहेर पडल्या. शेठ आत गेला, तसं दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

बाहेर नातेवाईकांचा बाक होता, वहिनी तिथे जाऊन बसली होती. कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या हातात औषधाचा कागद. निवासी संस्थेचा व्यवस्थापक घड्याळ बघत होता. बाईंना उभं कुठे राहावं ते कळेना. हातात काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

दारामागून डॉक्टरांचा आवाज आला. “एक.” मग “दोन”. जरा भरभर होतं. तीनपासून सुधारलं.

वहिनीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि बाकावर सरकून थोडी जागा केली.

“बसा, बाई,” ती म्हणाली. “वेळ लागतो.”