आर्मासच्या नावाचा पेपर

माझ्या कुत्रीनं, पिपोनं, ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रेला खेटून बरोब्बर बाहेर, फरशीवर, निवांत शू केली. मी कुबड्यांवर उभी. वाकता येत नव्हतं, रागावता येत होतं, पण रागवायचं नाही असं राइलीनं बजावलं होतं. राइली खालच्या मजल्यावर राहते. तिनं आयुष्यात तीन कुत्री पाळली आणि दोन नवरे, आणि त्यातल्या कुत्र्यांबद्दल तिचं मत चांगलं आहे.

"ओरडलीस की ती लपून करायला लागेल," ती म्हणाली. "मग शोधत बस सोफ्यामागे."

नोव्हेंबरात अंगणातल्या बर्फावर घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं. इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर. पस्तीस वर्षं आमच्या टांपेरे शहराच्या इस्पितळातल्या धुलाईघरात ओल्या चादरींचे ढीग उपसले, कधी साधी पाठ धरली नाही, आणि पाच किलोच्या कुत्रीला फिरवताना आडवी झाले. माझ्या लेकीनं, मार्केतानं, दूर उत्तरेतल्या ओउलूहून फोनवर निकालच देऊन टाकला: थंडीभर जिना उतरायचा नाही, पिपोला मी घेऊन जाते. राइली तिला दोन वेळा खाली नेत होती, पण तिचेही गुडघे गेलेले, किती दिवस नेणार. शेवटी मी मुदत मागून घेतली. फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली की मार्केता येणार होती. तोवर पिपो घरातच ट्रेमध्ये जायला शिकली तर माझी, नाहीतर ओउलूची.

खरं सांगते, ती गेली असती तर दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्द निघाला नसता. राइली येते, पण तिच्यापुढे आपल्याला बोलायची वेळच येत नाही.

दाराशी ओले बूट ठेवायचा मोठा प्लास्टिकचा ट्रे होता, तोच घेतला. आधी राइलीनं आणलेल्या, शू शोषणाऱ्या लाकडी गोळ्या घातल्या, त्या पिपोनं खाल्ल्या. मग पेपर अंथरले. पेपरांना माझ्याकडे तोटा नव्हता. आर्मास, माझा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याचा पेपर त्याच्याच नावानं येत राहिला होता. सकाळी पावणेसहाला पेपरवाला दारातल्या पत्रांच्या फटीतून तो आत ढकलतो, पेपर धपकन पडतो. मी वाचत नाही, मला कधीच आवड नव्हती. उचलायचा, स्वयंपाकघरात टेबलावर त्याच्या बाजूला ठेवायचा, आणि संध्याकाळी आतल्या खोलीतल्या गठ्ठ्यावर टाकायचा. घडीही न मोडलेले दोन वर्षांचे पेपर. मार्केताला वाटायचं आई आताशा वाचायला लागली. मीही तिला तसंच वाटू दिलं.

तर शिकवणी सुरू झाली. झोपून उठली की ट्रे, खाल्लं की ट्रे, खेळून झालं की ट्रे. ओला झालेला एक तुकडा मुद्दाम खाली ठेवायचा, म्हणजे वासावरून तिला जागा कळते. बाहेर केलं तर व्हिनेगरनं पुसून टाकायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. ते मला जमतं, आम्ही टांपेरेची माणसं. आत केलं की सॉसेजचा तुकडा आणि शाबास. नाताळपर्यंत दहातली चार वेळा जमलं. जानेवारीच्या मध्याला एकदा सबंध आठवडा फरशी कोरडी राहिली. मी एकटीनं कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खाऊन तो साजरा केला.

आणि मग तिनं अक्कल चालवली. एका सकाळी धपकन आवाज झाला, पिपो उठून धावली, आणि मी कुबड्या घेऊन पोचेपर्यंत ताज्या पेपरवर तिचं सगळं उरकलं होतं. उरकून ती शेपटी हलवत सॉसेज मागत उभी. तिची चूक काय म्हणून सांगू? पेपरवर करायचं हे मीच शिकवलं होतं. मी लवकर उठून पाहिलं, तीच आधी पोचायची. फटीला आतून पिशवी टांगली, ती तिनं ओढून पाडली. ट्रे न्हाणीघरात हलवला, तर दिवसभर न्हाणीघरात आणि पहाटे पेपरवर. रोज मी आरोग्यकेंद्रानं दिलेल्या लांब चिमट्यानं तो भिजलेला पेपर उचलायचे आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकायचे. टेबलावर आर्मासची बाजू रिकामी राहायला लागली.

मार्केता रात्रीच्या गाडीनं आली ती सकाळी सहाला, आणि आल्या आल्या तिचा पाय त्या भिजलेल्या पेपरवरच पडला. तिनं बूट काढला, पेपर दोन बोटांनी उचलला, आणि वरच्या कोपऱ्यात चिकटवलेलं नाव वाचलं.

"आई, हा अजून बाबांच्या नावानं येतोय?"

मी म्हटलं, हो. तिनं आतल्या खोलीत जाऊन गठ्ठा पाहिला. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज माझाच, धुलाईघरातला.

"पेपर बंद कर, नाहीतर पिपोला मी नेते. रोज पहाटे अंधारात तू ओल्या फरशीवरून धावणार आणि दुसरा खुबा मोडून घेणार. मला ते नकोय गं."

आठ वाजता मी फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिनं ग्राहकाचं नाव विचारलं, मी सांगितलं. आर्मास रौतिओ, एकेचाळीस वर्षांपासूनचे ग्राहक, ती कौतुकानं म्हणाली. मग विचारलं की पेपर तात्पुरता थांबवायचा आहे का. तिच्यासमोर जुन्या नोंदी दिसत असणार. आम्ही दर उन्हाळ्यात तळ्याकाठच्या झोपडीवर जायचो, आणि आर्मास न चुकता फोन करून पेपर तिकडे वळवायचा.

"की दुसऱ्या पत्त्यावर पाठवू?" मुलगी म्हणाली. "रौतिओसाहेब सध्या कुठे आहेत?"

इस्पितळात, बँकेत, सगळीकडे मार्केतानंच कागद भरले होते. मला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. मार्केता समोर कॉफीचा कप धरून बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"तो वारला," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. बंद करा."

मार्केता दोन दिवस राहिली आणि परत गेली. पिपोला तिनं नेलं नाही.

सोमवारी पावणेसहाला मी जागीच होते. जिन्यात पेपरवाल्याची पावलं वर आली. समोरच्या दाराच्या फटीत पेपर पडला, मग पावलं माझ्या दारावरून तशीच पुढे गेली आणि खाली उतरली. पिपो दाराशी गेली, फरशी हुंगली, थोडी थांबली. मग वळून न्हाणीघरात गेली आणि ट्रेमध्ये, अगदी मधोमध बसली. मी उठले, तिला सॉसेजचा तुकडा दिला, शाबास म्हटलं, आणि कॉफी घेऊन टेबलाशी आर्मासच्या बाजूला जाऊन बसले.