एकशेसाठची लाल रेघ

मित्रांनो, उंची मोजायची मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. पट्टी कसली, अर्धवट उरलेला खांबच म्हणा ना. माझं डोकं करवतीनं कापलं गेलं आहे. ज्या सुडाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्याच सुडात ते गेलं. आता ऐकाच सगळं.

मेढ्याच्या ज्ञानू सुतारानं मला सागाच्या चांगल्या फळीतून घडवलं. खाली उभं राहायला पाट, मागे दोन मीटर उंचीची मी, आणि माझ्या अंगावरून वर-खाली सरकणारी एक आडवी दांडी. ती डोक्याला टेकली की माणसाची उंची कळायची. ज्ञानूनं माझ्यावरची एकेक रेघ पटाशीनं कोरली आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माझ्या हातनं खोटं काम झालं न्हाई. तूबी कवा खोटं बोलू नगंस." त्याचा शब्द मी आजवर पाळला.

माझी पहिली नोकरी साताऱ्याला, सैन्यभरतीच्या मैदानावर. गावोगावची पोरं तिथं जीपमध्ये आडवी पडून यायची. उभं राहिलं की दिवसभरात माणूस अर्धा-एक सेंटिमीटर बसतो, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक! मैदानाच्या फाटकापर्यंत झोपून यायचं आणि थेट माझ्या पाटावर उभं राहायचं. पास झालेली पोरं धावत जाऊन आईच्या पाया पडायची. नापास झालेली मला शिव्या द्यायची. पास झालेल्यांपैकी एकानंही माझे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

त्या नापासांत एक होता नानासो. तो अर्धा सेंटिमीटर कमी भरला. डोळ्यांत पाणी तरारलं, पण त्यानं ते गालावर येऊ दिलं नाही. साहेबांची पाठ वळताच खिशातून खिळा काढून त्यानं आपल्या उंचीवर माझ्या अंगात 'ना' हे अक्षर खोल कोरलं आणि दात आवळून म्हणाला, "तुला सोडनार न्हाई."

आणि त्यानं मला खरंच सोडलं नाही. पुढे मैदानावर उंची मोजायची यंत्रं आली आणि मी अडगळीत गेले. तोवर नानासो सांगलीला विश्रामबागेतल्या एका मुलींच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाला होता. कुठून त्याला माझा पत्ता लागला कोण जाणे. एक दिवस तो आला आणि मला टेम्पोत घालून घेऊन गेला. मला वाटलं, आता हा मला बंबात घालणार. घातलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं माझ्या छातीवर एकशेसाठच्या आकड्यावर करवतीनं खाच पाडली आणि तिच्यात लालभडक रंग भरला. मित्रांनो, ती खाच मला आजही ठणकते. रेघेच्या वरच्या मुलीनं बास्केटबॉल खेळायचा, खालचीनं खो-खोला जायचं, असा त्याचा कायदा. दर जूनमध्ये रांग लागायची. "बूट काढ. टाचा जुळव. हनुवटी सरळ." मग माझी दांडी खाली यायची आणि मुलगी रडत जायची. चेंडू हातात देऊन त्यानं एकीलाही पाहिलं नाही. मी फक्त आकडा सांगत होते. निकाल तो लावत होता आणि शिव्या मात्र माझ्या वाट्याला येत होत्या.

मग मीही डूख धरला. एकदा संधी साधून माझी दांडी त्याच्या अंगठ्यावर दाणकन पाडली. पंधरा दिवस नख काळंनिळं होतं. मला फार बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? पण तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. कधी कधी खोलीत कुणी नसताना तो 'ना' या अक्षरावरून बोट फिरवत उभा राहायचा. तेव्हाही मला त्याची दया आली नाही.

अशातच वडूजची क्रांती आली. आठवीतली, सावळी, चपळ पोरगी. तिला वसतिगृहात सोडायला तिची मनुआत्या आली होती. मनुआत्याचा मुलगा जयराज सैन्यात. त्यामुळे उंचीच्या बाबतीत आत्याचा अनुभव मोठा! तिनं क्रांतीला वडूजपासून सांगलीपर्यंत जीपच्या मागच्या भागात गोधडीवर आडवी पाडून आणलं होतं. पोरगी सरळ पाटावर उभी राहिली. दांडी खाली आली. एकशे साडेअठ्ठावन्न.

"दीड सेंटिमीटर कमी. खो-खो," नानासो म्हणाला.

"आवं सर, वडूजपास्नं आडवी आणलीया पोरगी," मनुआत्या कळवळली. "वाटंत चा प्यायलासुदिक उठू दिली न्हाई. आमचा जयराज असाच नेला हुता, आन् पास झाला!"

"सर, बास्केट वर हाय, मान्य," क्रांती म्हणाली. "पर चेंडू तर भुईवरनंच न्यायचा न्हवं? एकदा खेळताना तरी बघा की."

"उंची न्हाई तर खेळ न्हाई. पुढची!"

क्रांतीनं बूट हातात घेतले. जाताना तिनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "तुला करवतीनं कापीन, बघच तू." अगं, मी तुझ्याच बाजूची आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण लाकडाला कुठलं तोंड?

त्या दिवसापासून माझ्या खिडकीसमोरच्या मैदानात संध्याकाळी पाच मुली जमू लागल्या. पाचही लाल रेघेखालच्या. क्रांती चेंडू गुडघ्याच्याही खाली आपटत पळायची. हात सोलवटले, घोटा मुरगळला, तरी एक दिवस खाडा नाही. तिच्या मनात काय पेटलं होतं ते मी ओळखून होते, कारण माझ्याही मनात तेच होतं.

आठ महिन्यांनी शाळेच्या क्रीडा सप्ताहात ती नानासोसमोर उभी राहिली. "सर, तुमच्या संघासंगं आमची म्याच लावा. आमी जिंकलो तर रेघ जाईल आन् ही पट्टी माझ्या ताब्यात."

"आन् हरलीस तर?" नानासो हसला. "या शाळंत पुन्हा चेंडूला हात लावायचा न्हाई. कबूल?"

क्रांतीनं क्षणभर चेंडूकडे पाहिलं आणि म्हणाली, "कबूल."

नानासोनं मला मुद्दाम मैदानाच्या कडेला आणून उभं केलं. ह्या हरल्या की सगळ्यांना पुन्हा मोजतो, म्हणाला.

मित्रांनो, ज्ञानूला शब्द दिला आहे म्हणून खरं तेच सांगते. उंचीचा फायदा असतो. बास्केटवर आपटून उडालेला प्रत्येक चेंडू उंच मुली वरच्या वर घेत होत्या. मध्यंतराला बारा-दोन झाले होते आणि क्रांतीचा चेहरा उतरला होता.

नानासोच्या संघात सर्वांत उंच होती प्राची, हळदीचे व्यापारी आदगोंडा यांची मुलगी. एकशे शहात्तर सेंटिमीटर! तुला खेळायचं आहे का, कसं खेळायचं आहे, हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी आकडा सांगितला आणि ती संघात गेली. त्या दिवशी तिच्या हातून दोन सोप्या संधी गेल्या. संघ पुढे असूनही नानासो सगळ्यांदेखत खेकसला, "ताडासारखी नुसती वाढलीस! काय उपयोग तुझा? जा, तिकडच्यांत जाऊन खेळ!"

प्राचीनं मान वर केली आणि खरोखरच तिकडे चालत गेली. क्रांतीनं आपली एक मुलगी बसवली आणि तिला घेतलं.

"मला नेम न्हाई गं," प्राची रडवेली होऊन म्हणाली.

"नगं ना नेम. तू वरचा चेंडू तेवढा धर. खालचं आमी बघतो."

मग जो खेळ झाला, तो पाहताना माझे सगळे सांधे हलले. प्राची वर झेपावून चेंडू काढायची आणि क्रांतीच्या हातात द्यायची. क्रांती वाकून, उंच मुलींच्या हातांखालून निसटायची. वीस-एकोणीस असताना शेवटचा चेंडू प्राचीनं धरला, क्रांतीनं तो भुईसरपट नेला आणि बास्केटमध्ये घातला. वीस-एकवीस. रेघेखालच्या जिंकल्या!

क्रांती शाळेच्या कार्यशाळेतून करवत घेऊन माझ्यापाशी आली, आणि रेघेवर करवत टेकवायला मान वर केली तेव्हा तिला वरचं ते अक्षर दिसलं.

"सर, हे 'ना' कुनाचं?"

नानासोचं बोट आपसूक त्या अक्षरावर गेलं.

"बूट काढा, सर," क्रांती म्हणाली.

आणि काय आश्चर्य! इतकी वर्षं हुकूम सोडणारा तो माणूस, हुकूम ऐकल्यासारखा निमूट बूट काढून पाटावर उभा राहिला. टाचा जुळवल्या. हनुवटी सरळ केली. मी दांडी जोरात पाडली. वयानं तो आणखी खचला होता, दांडी 'ना'च्याही खाली टेकली. क्रांतीनं आकडा मोठ्यानं वाचला. सगळी शाळा ऐकत होती. माझ्या सगळ्या आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधीच खरं बोलले नव्हते.

"म्हंजे असं नापास हुताना कसं वाटतंय, ते तुमाला ठावं हुतं," क्रांती म्हणाली. "तरीबी रेघ मारलीसा?"

"व्हय," नानासो म्हणाला.

मग तिनं करवत त्याच्याच खाचेत धरली. मी हसत होते, ते हसू तिथंच थांबलं. लाल रंगाचा भुसा खाली पडला आणि पाठोपाठ माझं डोकं. तिनं तो वरचा तुकडा उचलून त्याच्या हातात दिला.

"तुमचा तुकडा तुमी घ्या, सर. आमाला खालचा पुरे."

आता मी मैदानाच्या मधोमध उभी असते. मुली चेंडू आपटत माझ्याभोवती वळसे घेतात. नानासोला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण खोलीच्या खिडकीतून जे दिसलं ते सांगते. यंदाच्या जूनमध्ये एक बुटकी मुलगी त्याच्यासमोर आली. सवयीनं तो म्हणाला, "बूट काढ." मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथं मी नव्हते.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "घाल बूट. हा चेंडू घे."

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. मोजायला हरकत नाही. पण मी डोक्यापर्यंतचंच सांगू शकते. पुढचं चेंडू हातात देऊन बघा.